काळ्यापांढऱ्या पट्ट्या म्हणजे ट्यूडर घर नव्हे

लंडनच्या उपनगरातल्या काळ्यापांढऱ्या घरासमोरचा फोटो आणि खाली ‘पाचशे वर्षांचं ट्यूडर घर’, म्हणजे इंग्लंडच्या ट्यूडर राजांच्या काळातलं, असं वाचलं की मला राहवत नाही. ती घरं बहुतेक १९२०-३०च्या दशकांतली. विटांची भिंत, गिलावा, त्यावर ठोकलेल्या काळ्या फळ्या.

आता इंग्लंडच्या केंट परगण्यातलं अस्सल जुनं घर, ‘बे-लीफ’ घ्या. एका सधन शेतकऱ्याचं घर, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं. ट्यूडर राजे गादीवर आले १४८५ मध्ये, म्हणजे त्यांच्याही आधीचं. बाउ बीच धरणामुळे ते मूळ जागेवरून हलवावं लागलं. आज वेस्ट ससेक्समध्ये, सिंगलटनच्या संग्रहालयात उभं आहे. अख्खं घर उकलून पुन्हा जोडता आलं, कारण इथे लाकडाचा सांगाडा हेच घर. खांब, तुळया आणि वासे सगळा भार पेलतात. मधल्या चौकटी काठ्या विणून, वर माती-शेण-गवत लिंपून भरलेल्या; कोकणात आपण ज्याला कूड म्हणतो तेच. कूड काढला तरी छप्पर जागचं हलत नाही. उपनगरातल्या घराच्या फळ्या काढल्या तर फक्त रंगाचा खर्च वाचेल.

ओळखायचं कसं? खुंट्या बघा. ओक ओला असतानाच तासत. तुळईच्या टोकाची जीभ खांबाच्या खाचेत बसवायची, पण दोन्हींतली भोकं मुद्दाम किंचित चुकवलेली. सुकी खुंटी ठोकली की ती जीभ आत ओढून घेते. पुढे लाकूड वाळताना आक्रसतं, वाकतं, म्हणून खऱ्या घराच्या रेघा पट्टीने आखल्यासारख्या नसतात. सुतार आधी सगळं जमिनीवर जुळवून सांध्यांवर रोमन आकड्यांच्या खुणा कोरत, मग सुटं करून जागेवर नेत. त्या खुणा अजून दिसतात.

काळ्या रंगाचा तर मला रागच आहे. ती बरीचशी एकोणिसाव्या शतकातली फॅशन. रंग न दिलेला ओक चांदीसारखा करडा होतो आणि तोच सुंदर दिसतो.

उलटी चूकही होते. केंटमधल्या कित्येक अस्सल घरांवर नंतर कौलं टांगली किंवा विटांचा दर्शनी भाग चढवला, त्यामुळे रस्त्यावरून लाकूड दिसतच नाही. तिथे माळ्यावर जावं लागतं. धुराडं येण्याआधी मधल्या उंच दालनात जमिनीवरच जाळ पेटवत आणि धूर छपरातून वाट काढी. त्या काजळीने वासे आजही काळे आहेत.