निष्ठा (सोलापूर परिसरातील भक्तिपरंपरा)

राजसत्ता, जात, देऊळ किंवा घर यांच्याकडून विरोध होत असतानाही आपल्या देवाला न सोडण्याची वृत्ती म्हणजे निष्ठा. जगभरच्या धर्मकथांत तिची उदाहरणे आहेत. हिरण्यकशिपूच्या घरात नारायणाचे नाव घेणारा प्रल्हाद, बाबिलोनमध्ये राजाचा मनाई हुकूम निघाल्यावरही जेरुसलेमकडे तोंड करून दिवसातून तीनदा प्रार्थना करणारा दानीएल, छातीवर धोंडा ठेवला तरी ‘अहद, अहद’ (देव एकच) म्हणत राहिलेले इस्लामच्या सुरुवातीच्या काळातले बिलाल. या कथांत छळणारा आणि छळला जाणारा यांच्या श्रद्धा सरळसरळ वेगळ्या आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूर, मंगळवेढे, बार्शी, अरण आणि खुद्द सोलापूर या पट्ट्यात मात्र चित्र गुंतागुंतीचे आहे. इथे भक्ताला अडवणारा पुष्कळदा त्याच देवाचा पुजारी, त्याच गावचा मुखत्यार किंवा घरातलेच माणूस असते. त्यामुळे इथल्या निष्ठेला एक वेगळे वळण लागले. इथला भक्त देवाला सोडत नाही, पण त्याला जाब विचारायलाही कचरत नाही.

या परंपरेचा मोठा भाग मंगळवेढ्याभोवती फिरतो. पंढरपूरपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवरचे हे तालुक्याचे गाव आज ज्वारीसाठी ओळखले जाते; इथल्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. बाराव्या शतकात कल्याणला (आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणला) जाण्याआधी कलचुरींची राजधानी इथे होती आणि बसवेश्वरांच्या कारकिर्दीची सुरुवात याच दरबारात झाली, असे मानले जाते. पुढच्या तीनशे वर्षांत चोखामेळा, कान्होपात्रा आणि दामाजीपंत अशी तीन नावे या एकाच गावाशी जोडली गेली.

शरणांचा मार्ग

बसवेश्वरांच्या अनुयायांनी, म्हणजे शरणांनी, देवळाच्या दाराचा प्रश्न मुळातच निकालात काढला. इष्टलिंग, म्हणजे छोटे शिवलिंग, गळ्यात बांधले की देव अंगावरच असतो. मग गाभाऱ्यात कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही, हे ठरवणाऱ्याचे काही चालत नाही. पण समाजाशी गाठ पडायची ती पडलीच. परंपरेनुसार कल्याणात चांभार हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसाची मुलगी यांचे लग्न लावण्यात आले. दोघांच्या बापांना त्याची शिक्षा म्हणून हालहाल करून मारण्यात आले. 1167-68 च्या सुमारास कल्याणात बंडाळी माजली, कलचुरी राजा बिज्जलाचा खून झाला आणि शरण आपल्या वचनांच्या (कन्नडमधल्या भक्तिपर रचनांच्या) पोथ्या घेऊन चहूकडे पांगले.

सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर याच काळातले. तेव्हाच्या सोन्नलिगेत त्यांनी तळे खोदवले, गावाभोवती अडुसष्ट लिंगे स्थापली आणि ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ या नाममुद्रेने कन्नडमध्ये वचने लिहिली. त्यांच्या कथेतला दबाव छळाचा नाही, मायेचा आहे. एका कुंभारकन्येने त्यांच्याशीच लग्न करण्याचा हट्ट धरला. योगी व्रत मोडेना आणि मुलगी ऐकेना. शेवटी तिचे लग्न सिद्धरामांच्या योगदंडाशी लागले. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत सम्मती कट्ट्यावर पडणाऱ्या अक्षता या लग्नाच्याच. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी आणि मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारे लाखभर वऱ्हाडी हा सोहळा ज्याने पाहिला, त्याच्या मनात व्रत न मोडण्याच्या हट्टापेक्षा लग्नाची धांदलच जास्त राहते.

चोखामेळा

चोखामेळ्याने शरणांसारखी वेगळी वाट काढली नाही. तो दाराशीच उभा राहिला. महार जातीत जन्म, गावकीची कामे, मेलेली ढोरे ओढणे, उष्ट्यावर जगणे आणि ओढ मात्र विठ्ठलाची. ‘धाव घाली विठू आता, चालू नको मंद’ हा त्याचा अभंग आज पंगतीत, दिंडीत गोड चालीवर म्हटला जातो. पण मुळात ती मार खाणाऱ्या माणसाची हाक आहे. पुढच्या ओळींत बडवे (विठ्ठलाचे वंशपरंपरागत पुजारी) मारतात, विठोबाचा हार तुझ्या गळ्यात कसा आला म्हणून विचारतात, देव बाटवला म्हणून शिव्या देतात. फिर्याद देवाविरुद्ध नाही, देवाच्या माणसांविरुद्ध आहे. आणि न्याय मात्र देवाकडेच मागितला आहे. पंढरपुरातून घालवून दिल्यावर चोखोबाने चंद्रभागेच्या पलीकडच्या तीरावर दीपमाळ उभारली, असे सांगतात. दिवा तरी देवळासमोर राहावा, एवढाच हिशोब.

चोखोबाच्या घरात निष्ठा एकसुरी नव्हती, हे फार महत्त्वाचे. बायको सोयराबाई तर्काने बोलते:

‘देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध ॥’

विटाळ देहातच जन्मतो, मग सोवळा कोण झाला, असा तिचा पुढचा प्रश्न आहे. त्याला सोवळ्यातल्या कोणी उत्तर दिल्याची नोंद नाही. मुलगा कर्ममेळा तर बापाचा संयम पाळतच नाही:

‘आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥ जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता ॥’

देवाचीच लाज काढणारा हा मुलगा परंपरेने बाहेर टाकला नाही, संतांच्या गाथेत ठेवला. वारकरी पंथाच्या उदारपणाचे गोडवे गाताना कर्ममेळ्याचे अभंग सहसा वगळले जातात. कीर्तनात चोखोबाचे ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ ऐकू येते, ‘लाज न ये’ क्वचित.

1338 मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि वेठीला धरलेल्या मजुरांबरोबर चोखोबा गाडला गेला. ढिगाऱ्यातल्या हाडांपैकी ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले, ती नामदेवांनी वेचून पंढरपूरला आणली, अशी आख्यायिका आहे. समाधी महाद्वारासमोर आहे. दर्शनाला येणारा माणूस नामदेव पायरीवर पाय न ठेवता ओलांडून आत जातो, त्याआधी समोरच्या चोखोबाला हात जोडतो. पायरीवर बसायला नामदेवांनी आपणहून जागा मागितली. चोखोबाला पायरीच्या आत येण्याची मुभाच नव्हती. आज दोन्ही ठिकाणी सारखाच बुक्का लागतो, म्हणून हा फरक डोळ्यांत भरत नाही.

कान्होपात्रा

पंधराव्या शतकातली कान्होपात्रा ही मंगळवेढ्याच्या शामा नावाच्या श्रीमंत गणिकेची मुलगी. देखणी, नाचगाण्यात तयार. आईच्या धंद्यात तिने पाय ठेवायचा, हे सगळ्यांनीच गृहीत धरले होते. तिने नकार दिला आणि एक दिवस वारकऱ्यांच्या दिंडीबरोबर पंढरपूर गाठले. तिच्या रूपाची वार्ता बिदरच्या बादशहापर्यंत गेली, तिला आणायला शिपाई आले. एकदा देवाला भेटून येते, म्हणून ती देवळात गेली आणि विठ्ठलाच्या पायांवर तिने प्राण सोडला.

‘नको देवराया अंत आता पाहू । प्राण हा सर्वथा जाऊ पाहे ॥ हरिणीचे पाडस व्याघ्रे धरियेले । मजलागी जाहले तैसे देवा ॥’

ही कथा बहुतेक वेळा बादशहापासून सुरू करून सांगितली जाते. तसे केले की पूर्वार्ध हातातून निसटतो. तिला कोंडीत पकडणारे पहिले घर तिच्या आईचे होते. दुसरी भिंत गावाची, कारण गणिकेच्या मुलीला दुसरे आयुष्य असू शकते हे कोणालाच मान्य नव्हते. बादशहा नंतर आला. त्याच्याआधी तिच्यावर हक्क सांगणारे गावात पुरेसे होते. तिला कोणी गुरू नव्हता, तिला कोणी दीक्षा दिली नाही, तिच्या पाठीशी कुळ नव्हते. वारकरी स्त्री-संतांत जनाबाईला नामदेवांचे घर होते, मुक्ताबाईला भाऊ होते. कान्होपात्रेला थेट विठ्ठलच. तिची समाधी देवळाच्या आवारातच दक्षिण बाजूला आहे. तिथे उगवलेले तरटीचे झाड तिचेच रूप मानतात. ज्या देवळाच्या पायरीशी चोखोबाला थांबवले गेले, त्याच देवळाने एका गणिकेच्या मुलीला आत जागा दिली. याचे तर्कशुद्ध स्पष्टीकरण परंपरेतही नाही.

दामाजीपंत

दामाजीपंत हे बहमनी राजवटीतले मंगळवेढ्याचे अधिकारी. दुष्काळात त्यांनी सरकारी धान्याची कोठारे बादशहाला न विचारता उघडली. ही भूतदयेची गोष्ट म्हणून शाळेतही सांगितली जाते. खरे तर ती हुकूम मोडण्याची गोष्ट आहे. चाकरी बादशहाची, धान्य बादशहाचे आणि दारात भुकेने टेकलेली माणसे. कायद्याने पाहिले तर दामाजींनी अफरातफर केली होती आणि त्यांना पकडून बिदरला नेले गेले ते त्याचसाठी. पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे: विठ्ठल ‘विठू महार’ होऊन, घोंगडी पांघरून, काठी टेकत दरबारात गेला, मोहरांची थैली रिती केली आणि पावती घेऊन आला.

देवाला यायला महाराचेच रूप का लागले, याचा व्यावहारिक खुलासा सोपा आहे. सरकारी वसूल पोचवणे हे गावच्या महाराचेच काम. पण ज्या गावच्या कुसाखाली चोखोबा वेठबिगारीत मेला, त्याच गावाची सुटका देवाने महार होऊन केली, असे लोकांनीच रचले आणि पिढ्यान्‌पिढ्या सांगितले. दामाजींच्या देवळात ही गोष्ट ऐकणाऱ्या किती जणांनी तेव्हा हा धागा जोडला असेल, हे सांगता येत नाही. 1762 मध्ये महीपतींनी ‘भक्तिविजया’त संतांच्या कथा ओवीबद्ध केल्या आणि आज घरोघर सांगितली जाणारी या कथांची रूपे बऱ्याच अंशी तिथूनच आली.

बार्शी आणि अरण

बार्शीच्या भगवंताच्या देवळाशी अंबरीष राजाची पुराणकथा जोडलेली आहे. द्वादशीचे पारणे वेळेत सोडायचे की दुर्वासांसारख्या कोपिष्ट पाहुण्याची वाट पाहायची, या पेचात राजाने पाण्याचा एक घोट घेतला आणि ऋषीचा कोप ओढवून घेतला. पंढरपूरची एकादशी करून द्वादशी सोडायला बार्शीला जाणारे वारकरी आजही आहेत. माढा तालुक्यातल्या अरणचे सावता माळी तर कधी पंढरपूरलाच गेले नाहीत, असे सांगतात. मळा सोडून देवाकडे जायचे नाही, हीच त्यांची निष्ठा, आणि त्यासाठी त्यांना घरच्या लोकांची बोलणीही खावी लागली.

मूर्तीची पळवापळव

बाहेरच्या सत्तेचा धोका नव्हता असे अजिबात नाही. 1659 मध्ये विजापूरहून निघालेला अफझलखान तुळजापूर, पंढरपूरच्या वाटेने आला. 1695 ते 1699 या काळात औरंगजेबाची छावणी मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती. एवढ्या जवळ मोगल फौज असताना विठ्ठलाची मूर्ती बडव्यांनी आसपासच्या गावांत लपवून सांभाळली. देगावचे नाव त्यात प्रामुख्याने घेतले जाते. चोखोबाला मारणारे बडवे आणि जीव धोक्यात घालून मूर्ती वाचवणारे बडवे एकाच घराण्यांतले. या नोंदीचा विषय लिहिणाऱ्याला नेमकी हीच गोष्ट अडचणीची ठरते. दोघांनाही आपण देवाचेच राखण करतो आहोत, असे मनापासून वाटत होते.

आक्षेप आणि बदल

विसाव्या शतकात या निष्ठेवर कठोर प्रश्न उभे राहिले. मार खाऊनही देवाचाच धावा करायचा, तर मारणाऱ्याचे काय बिघडते? डॉ. आंबेडकरांचा मार्ग याच प्रश्नातून निघाला. 1935 मध्ये येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली आणि 1956 मध्ये नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारला. चोखोबाची वाट त्यांनी धरली नाही. पण 1948 मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण केला. दाराशी थांबणे नाकारणाऱ्या माणसाला दाराशी थांबलेल्यांविषयी एवढा आदर का वाटला, याचा विचार अनुयायांनीही फारसा केलेला नाही.

साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा करून 1 मे 1947 रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले. दहा दिवसांनी देऊळ अस्पृश्यांना खुले करण्याचे मान्य झाले. चोखोबाला जाऊन तोवर सहाशे वर्षे उलटली होती. जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे आणि उत्पातांचे (रुक्मिणीच्या पुजाऱ्यांचे) वंशपरंपरागत हक्कही संपले. त्यानंतर मंदिर समितीने सर्व जातींतून आणि स्त्रियांमधूनही पुजारी नेमले.

आजचे रूप

बादशहा नाही, वेठ नाही. माळकऱ्याला आता जो जाच होतो तो बहुतेक वेळा थट्टेचा असतो. सोलापूरच्या ग्रामीण भागात गावजत्रेला किंवा जावळाच्या जेवणाला बोकड पडले की पंगतीत एखादा तुळशीमाळ घातलेला माणूस कोपऱ्यात भाकरी, शेंगाचटणी आणि दही घेऊन बसलेला दिसतो. ‘आजच्या दिवस माळ खुंटीला टांगा की, बापू’ हे त्याला ऐकावे लागते, आणि म्हणणारा बहुधा भाऊबंदच असतो. काही जण खरोखर टांगतात. जेवण झाले की आंघोळ करून पुन्हा घालतात. फडावरचे महाराज अशा माळेला माळ म्हणायला तयार नसतात. घरात सून माळकरी आणि बाकी सगळे खाणारे असतील तर प्रश्न आणखी बारीक होतो: मटण शिजवायचे तिने, चव घ्यायची दुसऱ्याने. पुष्कळ घरांत यासाठी वेगळी चूल आणि वेगळी भांडी असतात, आणि आषाढीला पायी निघायची परवानगी मात्र सासूकडूनच घ्यावी लागते.