संमतीविना मानसोपचार (भारत)

मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला तिची मर्जी नसताना रुग्णालयात ठेवणे वा उपचार देणे. भारतात हे कोणत्या अटींवर करता येते, ते मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ठरवतो. तो २९ मे २०१८ रोजी अमलात आला.

१९१२ च्या कायद्याचा सगळा भर रुग्णाला कोंडून ठेवण्यावर होता. १९८७ च्या कायद्यानंतरही साखळदंड सुटले नाहीत. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे एका खासगी आश्रमाला आग लागली, तेव्हा बांधून ठेवलेल्या रुग्णांना पळताच आले नाही. २८ जण दगावले. पुढे २००७ मध्ये भारताने दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला आणि त्याच्याशी सुसंगत असा नवा कायदा करणे भाग पडले.

आज स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका असेल, अथवा स्वतःला अपाय व्हावा इतकी स्वतःची आबाळ होत असेल, तरच मर्जीविरुद्ध दाखल करता येते. त्यासाठी रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत त्याला साथ देणाऱ्या व्यक्तीचा, अर्ज लागतो, शिवाय दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते. मुदत ३० दिवसांची. अशा दाखल्यांची तपासणी करणाऱ्या पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत, स्त्री किंवा अल्पवयीन असल्यास तीन दिवसांत कळवणे बंधनकारक असून रुग्ण तेथे दाद मागू शकतो. सर्वांत मोलाची तरतूद मात्र पुढची आहे: दाखल झाल्याने संमतीचा हक्क संपत नाही. प्रतिनिधीने रुग्णाच्या वतीने संमती दिली, तरी रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकतो का, हे दर सात दिवसांनी पाहावे लागते. आपल्याला कोणते उपचार नकोत, हे बरे असताना आधीच लिहून ठेवता येते. साखळीने बांधणे, एकांतकोंडी आणि भूल न देता शॉक देणे यांना पूर्ण मनाई आहे.

दिव्यांग हक्क कराराच्या पालनावर देखरेख करणारी संयुक्त राष्ट्रांची समिती सक्तीचे उपचारच कराराविरुद्ध मानते. भारतीय कायदा तितका पुढे गेलेला नाही.

खरी अडचण सुटकेची आहे. घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणाने कोणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही, असे कायदा सांगतो. पण जायचे कुठे? महाराष्ट्रात अशा रुग्णांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले जात होते. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ताबडतोब थांबवण्यास सांगितले.