सरकीचं टरफल की सोयाबीनचं?

अमेरिकेत टेक्सासच्या उत्तर भागात, अमरिलो शहराच्या आसपास मांसासाठी गुरं पोसणारे मोठमोठे फीडलॉट आहेत. शेवटचे काही महिने तिथल्या गव्हाणीत मुख्यतः वाफवून चपटा केलेला मका पडतो. चारा कोरड्या वजनाच्या जेमतेम ८-१० टक्के. तोही स्वस्तात हवा, म्हणून तेलगिरण्यांतल्या टरफलांना मागणी. सरकीचं आणि सोयाबीनचं, दोन्ही टरफलं कागदावर ‘तंतुमय’ याच रकान्यात बसतात. घोटाळा तिथूनच सुरू होतो.

सरकीचं टरफल कडक, तपकिरी असतं, वर कापसाची लव चिकटलेली. प्रथिनं ४ टक्क्यांच्या आसपास, लिग्निन, म्हणजे न पचणारा लाकडासारखा घटक, भरपूर. एकूण पचनीय घटक ४५ टक्क्यांच्याही आतबाहेरच. आहार म्हणून जवळपास नापास. पण गुरं ते आवडीनं खातात, आणि मक्याच्या ढिगात त्याचं काम वेगळंच असतं. मक्याचा स्टार्च कोठीपोटात, म्हणजे गुरांच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, झपाट्यानं आंबतो, तिथला सामू (pH) ५.६ च्या खाली गेला की ॲसिडोसिस, म्हणजे पोटात आम्ल वाढण्याचा आजार, पुढे यकृतात गळवं. भरड चाऱ्यानं रवंथ वाढतो, रवंथाबरोबर लाळ, आणि लाळेतला सोडा आम्ल मारतो. न पचणं हीच इथं त्याची लायकी!

सोयाबीनचं टरफल म्हणजे दाण्यावरचा पातळ, फिकट पापुद्रा. बाजारात बहुधा दळलेला किंवा पेलेट, म्हणजे दाबून गोळ्या, करून येतो. तंतू ६० टक्क्यांवर, पण लिग्निन अगदी थोडं आणि पेक्टिन, म्हणजे सहज पचणारा घटक, बरंच. त्यामुळे पचनीय घटक ७५ टक्क्यांच्या घरात. कण मात्र इतके बारीक की रवंथाला चालना मिळत नाही. म्हणून ते मक्याचा थोडा वाटा कमी करून घालावं. स्टार्च घटतो, तेवढं आम्लही. चारा काढून त्या जागी घातलं, तर तंतूचा आकडा जुळतो आणि जनावर आजारी पडतं. चाऱ्यावर वाढणाऱ्या जनावरांना पूरक म्हणून ते जवळपास मक्याच्या तोडीचं ठरतं. मक्यानं भरलेल्या फीडलॉटच्या आहारात मात्र मक्याहून कमी पडतं.

आपल्या विदर्भात ही दोन्ही पिकं शेजारी-शेजारी. पण मळणीयंत्रातून पडणारं सोयाबीनचं कुटार, म्हणजे शेंगांची फोलपटं आणि काड्या, हे तिसरंच प्रकरण. गाईम्हशींच्या खुराकाचा हिशेब मांडताना ते सरकीच्या टरफलाच्याच गटात धरावं. आणि टरफलासकट गाळलेली सरकीची ढेप घालत असाल, तर थोडं टरफल आधीच पोटात जातंय.