धुरानं पोरं काटक होत नाहीत

‘धुळीधुरात वाढलेल्या पोरांना साथी बाधत नाहीत’ हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. यात माती आणि धूर यांची सरमिसळ आहे. मातीतल्या निरुपद्रवी जंतूंशी लहानपणी ओळख झाल्याचा फायदा होतही असेल. काजळीकडून प्रतिकारशक्ती काय शिकणार?

श्वासनलिकेतले सूक्ष्म केस कफासोबत जंतू वर ढकलत असतात. धुरानं ते मंदावतात. 2.5 मायक्रॉनहून बारीक कण थेट वायुकोशांत, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांत, उतरतात. तिथल्या जंतू गिळणाऱ्या पेशी काजळी गिळूनच थकतात, न्यूमोनियाचे जंतू मोकाट सुटतात. चुलीच्या धुरातल्या बाळांना न्यूमोनिया जास्त होतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

प्रतिकारशक्ती कमी करण्यात रसायनंही मागे नाहीत. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरच्या मुलांच्या 2012 मधल्या अभ्यासात, रक्तात पीएफएएस (नॉन-स्टिक भांडी, जलरोधक कापडं यांत वापरली जाणारी, सहजी न विघटणारी रसायनं) जास्त असलेल्यांमध्ये धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसींनंतरच्या अँटिबॉडी कमी आढळल्या.