स्कॉटिश फुटबॉल : १९८५-८६ चा हंगाम

स्कॉटलंडमधील व्यावसायिक फुटबॉलचा ऑगस्ट १९८५ ते मे १९८६ या काळात खेळला गेलेला हंगाम. प्रीमियर डिव्हिजन या सर्वोच्च श्रेणीचे विजेतेपद ग्लासगोच्या सेल्टिकने मिळवले, तर स्कॉटिश चषक आणि लीग चषक हे दोन्ही ॲबर्डीनकडे गेले. तरीही हा हंगाम ओळखला जातो तो यांपैकी काहीच हाती न लागलेल्या एडिनबरोच्या हार्ट ऑफ मिडलोथियन (हार्ट्स) या संघाच्या नावाने.

प्रीमियर डिव्हिजनमध्ये त्या वेळी दहा संघ होते. प्रत्येक संघ इतर नऊ संघांशी चार-चार वेळा भिडत असे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ३६ सामने येत. विजयाला दोन आणि बरोबरीला एक गुण होता, आणि गुण समान झाल्यास केलेले गोल व स्वीकारलेले गोल यांच्यातील फरकावरून, म्हणजे गोलफरकावरून, क्रम ठरत असे.

हार्ट्सचे आधीचे लीग विजेतेपद १९५९-६० मधले. १९७७ ते १९८१ या अवघ्या चार वर्षांच्या टप्प्यात हा संघ तीनदा खालच्या श्रेणीत घसरला होता आणि १९८३ मध्ये वर परतला होता. अध्यक्ष वॉलेस मर्सर आणि व्यवस्थापक ॲलेक्स मॅकडोनाल्ड यांनी जुळवलेल्या संघात जॉन रॉबर्टसन, गॅरी मॅके, क्रेग लेव्हिन हे तरुण होते, आणि त्यांच्या जोडीला ग्लासगोच्याच रेंजर्स या संघातून आलेला अनुभवी बचावपटू सँडी जार्डीन. वयाच्या सदतिशीत असलेल्या जार्डीनलाच फुटबॉल पत्रकारांनी त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरवले. तरीही हंगामाची सुरुवात खराब झाली आणि सप्टेंबरअखेर क्लाइडबँकसारख्या दुबळ्या संघाकडूनही हार्ट्स हरले. त्यानंतर मात्र ते सलग २७ लीग सामने अपराजित राहिले आणि शेवटच्या दिवसापर्यंत गुणतक्त्यात अग्रस्थानी होते.

डेव्हिड हे यांच्या व्यवस्थापनाखालील सेल्टिकचा खेळ वसंतात बहरला. मार्चमध्ये आयब्रॉक्सवर रेंजर्सशी ४-४ अशी बरोबरी झाल्यावर त्यांनी उरलेले आठही सामने जिंकले. ३ मे १९८६ च्या सकाळी हार्ट्सचे ५० गुण आणि २८ चा गोलफरक होता, सेल्टिकचे ४८ गुण आणि २४ चा. डंडीच्या डेन्स पार्कवर हार्ट्सला केवळ बरोबरी पुरेशी होती. सेल्टिकला मात्र पेझ्ली येथील लव्ह स्ट्रीट मैदानावर सेंट मिरेनविरुद्ध मोठा विजय हवा होता, आणि शिवाय हार्ट्सच्या पराभवाचीही गरज होती.

सेल्टिकने आपले काम लवकर उरकले. मध्यंतरालाच ते ४-० ने पुढे होते आणि अखेर ५-० ने जिंकले. ब्रायन मॅक्लेअर व मो जॉन्स्टन यांनी प्रत्येकी दोन आणि पॉल मॅकस्टेने एक गोल केला. तिकडे डेन्स पार्कवर, विषाणूजन्य आजारामुळे लेव्हिनला मुकलेला हार्ट्सचा संघ बचावाच्या पवित्र्यात खेळत होता. डंडीलाही जिंकण्याचे कारण होते, कारण युएफा चषक या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेतील जागेसाठी त्यांची रेंजर्सशी चुरस होती. शेवटची सात-आठ मिनिटे उरली असताना कॉर्नर किकवर चेंडू मोकळ्या उभ्या असलेल्या ॲल्बर्ट किडकडे आला आणि त्याने तो जाळ्यात धाडला. बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या किडचा त्या हंगामातील हा पहिलाच लीग गोल होता. थोड्याच मिनिटांत त्याने दुसराही केला. ही बातमी ट्रान्झिस्टरवरून लव्ह स्ट्रीटच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचली आणि तिथला सामना संपण्याआधीच जल्लोष सुरू झाला. डंडीला मात्र या विजयाचा काहीच लाभ झाला नाही: रेंजर्सनेही आपला सामना जिंकला आणि गुण सारखेच, ३५, असूनही गोलफरकावर युरोपातील जागा घेतली.

अंतिम गुणतक्त्यात सेल्टिक आणि हार्ट्स यांचे आकडे थक्क व्हावे इतके जुळतात. दोघांचेही २० विजय, १० बरोबऱ्या, ६ पराभव आणि ५० गुण. विजयाला तीन गुण देण्याची पद्धत असती तरी बरोबरी सुटली नसती. सेल्टिकने ६७ गोल करून ३८ स्वीकारले, हार्ट्सने ५९ करून ३३; म्हणजे फरक २९ आणि २६. पूर्वी मात्र वजाबाकीऐवजी भागाकार करून गोल सरासरी काढली जात असे. त्या हिशेबाने सेल्टिकची सरासरी १.७६ आणि हार्ट्सची १.७९ येते, म्हणजे जुन्या नियमानुसार विजेतेपद हार्ट्सचे ठरले असते. दैवाचा खेळ असा, की १९६४-६५ मध्ये तो जुना नियम लागू होता आणि तेव्हा त्यानेच हार्ट्सचा घात केला होता. त्या वर्षी शेवटच्या दिवशी किलमार्नककडून घरच्या टाइनकॅसल मैदानावर २-० ने हरल्यामुळे सरासरीच्या अपूर्णांकावर त्यांचे विजेतेपद गेले, आणि गोलफरक मात्र त्यांचाच कितीतरी सरस होता. दोन्ही वेळा पराभव २-० असाच, दोन्ही वेळा हंगामाच्या शेवटच्या दिवशी, आणि दोन्ही वेळा दुसरा नियम असता तर निकाल उलटा लागला असता. केवळ किडच्या दोन गोलांवर बोट ठेवणारी वर्णने ही बाजू बहुधा विसरतात.

१० मे रोजी हॅम्पडन पार्कवरील स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यातही हार्ट्स सावरले नाहीत. ॲबर्डीनने त्यांना ३-० असे हरवले; जॉन ह्युइटने दोन आणि बिली स्टार्कने एक गोल केला, तर हार्ट्सचा कर्णधार वॉल्टर किड मैदानाबाहेर काढला गेला. डंडीच्या ॲल्बर्ट किडशी त्याचे आडनाव जुळते एवढेच. त्याआधी ऑक्टोबरमध्ये ॲबर्डीनने लीग चषकाच्या अंतिम सामन्यात हिबर्नियनलाही याच गोलसंख्येने नमवले होते. लीगमध्ये मात्र गतविजेता ॲबर्डीन डंडी युनायटेडच्याही मागे, चौथ्या स्थानी राहिला.

ॲबर्डीनचे व्यवस्थापक ॲलेक्स फर्ग्युसन यांच्यावर या हंगामात दुहेरी जबाबदारी होती. १० सप्टेंबर १९८५ रोजी कार्डिफमध्ये वेल्सविरुद्धचा विश्वचषक पात्रता सामना १-१ असा बरोबरीत सुटत असताना राष्ट्रीय संघाचे व्यवस्थापक जॉक स्टीन कोसळले आणि त्यांचे निधन झाले. १९६७ मध्ये सेल्टिकला युरोपीय चषक जिंकून देणारे स्टीन तेव्हा ६२ वर्षांचे होते. त्यांचे सहायक फर्ग्युसन यांनी राष्ट्रीय संघाची सूत्रे हाती घेतली, ऑस्ट्रेलियाला दोन सामन्यांच्या लढतीत हरवून स्कॉटलंडला मेक्सिकोला नेले. तिथे गटातील एकही सामना मात्र जिंकता आला नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये फर्ग्युसन मँचेस्टर युनायटेडला गेले.

पुढील हंगामापासून प्रीमियर डिव्हिजन बारा संघांची होणार असल्यामुळे तळाचे मदरवेल व क्लाइडबँक घसरणीतून वाचले, आणि खालून हॅमिल्टन अकॅडेमिकल व फॉलकर्क वर आले.

रेंजर्सचा हा हंगाम इतका निकृष्ट होता, की लीगमध्ये सर्वाधिक २४ गोल करणारा ॲली मॅककॉइस्ट त्यांच्याकडे असूनही संघ पाचव्या स्थानावर राहिला. एप्रिलमध्ये जॉक वॉलेस यांना हटवून ग्रॅम सूनेस यांना खेळाडू-व्यवस्थापक नेमण्यात आले. ब्रुसेल्समधील हेझेल मैदानावर मे १९८५ मध्ये प्रेक्षकांच्या चेंगराचेंगरीत झालेल्या दुर्घटनेनंतर इंग्लिश क्लबांना युरोपीय स्पर्धांत खेळण्यास बंदी असल्याने टेरी बुचर, ख्रिस वुड्स यांच्यासारखे इंग्लंडचे खेळाडू आता रेंजर्सकडे येऊ लागले. १९८३ ते १९८५ या तीन वर्षांत डंडी युनायटेड आणि ॲबर्डीन यांनी विजेतेपदे जिंकून ग्लासगोची जी सत्ता मोडली होती, ती इथून पुन्हा प्रस्थापित झाली, आणि पुढील ३५ हून अधिक वर्षे सेल्टिक व रेंजर्सखेरीज कोणीही लीग जिंकली नाही. १९६२ पासून करंडकाविना असलेल्या हार्ट्सला पुढचा करंडक मिळाला तो १९९८ मध्ये, रेंजर्सला २-१ ने हरवून जिंकलेला स्कॉटिश चषक. हॅम्पडनचे नूतनीकरण चालू असल्याने तो अंतिम सामना सेल्टिकच्या मैदानावर झाला होता.