४१६४१६

४१६४१६ म्हणजे चार लाख सोळा हजार चारशे सोळा, ही एक सहा अंकी सम संख्या आहे. सांगलीत ही सगळ्यांना तोंडपाठ असते, पण पत्त्याच्या शेवटी लिहायचा पिनकोड म्हणून. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाले, कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकरांची. पहिले तीन आकडे ४१६ हे कोल्हापूर-सांगली भागाचे, पुढचे तीन त्या त्या पोस्टाचे, आणि सांगली शहराला नेमके तेच ४१६ परत मिळाले. खरी गंमत या रिपीट होण्यातच आहे.

कुठलाही तीन अंकी आकडा दोनदा शेजारी लिहिला की तो १००१ ने गुणल्यासारखा होतो, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. म्हणून ४१६४१६ ला ७ ने भागा ५९४८८ येतात, त्याला ११ ने भागा ५४०८, त्याला १३ ने भागा की परत ४१६ हातात, बाकी कुठंच उरत नाही. त्यात ४१६ मध्ये स्वतःचा अजून एक १३ आहेच (१३ × ३२), त्यामुळं पूर्ण फोड होते २⁵ × ७ × ११ × १३². एवढ्या फोडीमुळं हिला तब्बल ७२ विभाजक आहेत, आणि स्वतःला सोडून बाकी ७१ ची बेरीज ६,९०,३६८ भरते, म्हणजे मूळ संख्येपेक्षा कितीतरी जास्त.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या दोन गाजलेल्या कल्पना इथं लागू पडतात. अंकांची बेरीज २२ आणि २२ ने पूर्ण भाग जातो (१८९२८ वेळा), म्हणजे ही हर्षद संख्या. दुसरी त्यांची ६१७४ वाली क्रिया, अंक उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून चढत्या क्रमाने लावलेले वजा करायचे, ती इथं केली तर ६६४४११ − ११४४६६ = ५४९९४५ येतं आणि पुढं कितीही वेळा करा ५४९९४५ च. चार अंकांत जवळजवळ सगळं ६१७४ वर येऊन थांबतं, सहा अंकांत मात्र स्थिर राहणाऱ्या दोनच, ५४९९४५ आणि ६३१७६४, आणि बरेच आकडे कुठंच न थांबता चक्रात फिरत राहतात, त्यामुळं पहिल्याच वजाबाकीत पोचणं मला फार सुंदर वाटतं.

शेजारच्या साताऱ्याचा ४१५००१ एकदम उलट स्वभावाचा. २, ३, ५, ७ करत छोट्या मूळ संख्यांनी भागत बसलं तर थेट ६१३ पर्यंत काहीच लागत नाही, ६१३ × ६७७ एवढीच फोड, विभाजक फक्त चार. पण वर्गाच्या वाटेनं गेलं तर पहिल्याच झटक्यात सापडते: लगतचा मोठा वर्ग ६४५² = ४,१६,०२५, त्यातून ४१५००१ गेले की १०२४ म्हणजे ३२², मग ६४५ − ३२ आणि ६४५ + ३२. दोन वर्गांची बेरीज म्हणूनही सातारा दोन प्रकारे लिहिता येतो, ४८५² + ४२४² आणि ४६०² + ४५१². सांगलीला ते जमत नाही, कारण ७ आणि ११ यांना ४ ने भागल्यावर ३ उरतात, अशा मूळ संख्या फोडीत सम वेळा याव्या लागतात, आणि इथं ते एकेकदाच आलेत. तिथं तीन वर्ग लागतात: ६३६² + ९६² + ५२².