ध्रुवीय लुकलुक (आयनांबरीय)

उपग्रहाचा रेडिओ संदेश आयनांबरातील (वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थरातील) इलेक्ट्रॉनांच्या असमान दाटीतून येताना त्याची कला (फेज, म्हणजे लहर आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) व तीव्रता भरभर बदलू लागते. या आविष्काराला आयनांबरीय लुकलुक किंवा सिंटिलेशन म्हणतात. तारे लुकलुकतात ते खालच्या हवेमुळे. इथे तेच काम बहुतांशी 100 ते 400 किमी. उंचीवरचा प्लाझ्मा (मुक्त इलेक्ट्रॉन व आयन असलेला वायू) करतो. विषुववृत्ताच्या आसपास, म्हणजे भारतावरही, लुकलुक सूर्यास्तानंतर बळावते आणि तीत संदेशाची तीव्रताच कोसळते. ध्रुवांकडे तीव्रता बहुधा टिकते, भरकटते ती कला. प्रस्तुत नोंद या दुसऱ्या प्रकारापुरती आहे.

या आविष्काराची चाहूल रेडिओ खगोलशास्त्रात लागली. 1946 मध्ये जे. एस. हे, पार्सन्स व फिलिप्स या शास्त्रज्ञांना हंस तारकासमूहाकडून येणाऱ्या रेडिओ लहरींत चढउतार आढळले आणि ते उगमातच होत असावेत, असे प्रारंभी मानले गेले. पुढे 1950 च्या सुमारास इंग्लंडमधील केंब्रिज व जॉड्रेल बँक या दोन वेधशाळांतून एकाच वेळी निरीक्षणे घेतली, तेव्हा दोन्हीकडचे चढउतार जुळेनात. दोष पृथ्वीच्याच वातावरणाकडे आला.

जीपीएसच्या एल-1 संदेशाची (1575.42 मेगाहर्ट्झ) वाट ज्या स्तंभातून जाते, त्यात दर चौ. मी. मागे 10¹⁶ इलेक्ट्रॉन वाढले की उपग्रहाचे अंतर सुमारे 16 सेंमी. जास्त भरते. ही चूक कंप्रतेनुसार (फ्रीक्वेन्सीनुसार) बदलते, म्हणून एल-1 व जीपीएसचाच दुसऱ्या कंप्रतेचा संदेश एल-2 यांची तुलना करून ती बव्हंशी काढता येते. लुकलुकीला हा उपाय पुरत नाही. काहीशे मीटर आकाराच्या इलेक्ट्रॉनांच्या गुठळ्यांवरून लहरींचे विवर्तन होते (त्या वळून पसरतात), कला उसळ्या मारते आणि तिचा माग काढणाऱ्या रिसीव्हरच्या हातून अख्खे आवर्तन (एल-1 वर 19 सेंमी.) निसटते. पुष्कळ जुने रिसीव्हर एल-2 चा गुप्त संकेत पुरता न उलगडताच त्याचा माग काढतात. त्यामुळे बहुधा आधी एल-2 सुटतो आणि त्याच्याबरोबर वरची दुरुस्तीही जाते.

उपग्रहांच्या कक्षाही इथे प्रतिकूल आहेत. जीपीएस कक्षांचा विषुववृत्ताशी कल 55° असल्याने प्रत्यक्ष ध्रुवावर कोणताही जीपीएस उपग्रह क्षितिजापासून सुमारे 45° च्या वर चढत नाही. संदेश तिरपा येतो व आयनांबरातला त्याचा प्रवास लांबतो. ग्लोनास या रशियन प्रणालीचा कल 64.8° असल्याने त्याची स्थिती किंचित बरी. दुरुस्त्या पुरवणारे भूस्थिर उपग्रह तर ध्रुवाजवळ क्षितिजाखालीच राहतात.

वादाचा खरा विषय आहे या लुकलुकीला कारण होणाऱ्या ध्रुवीय प्लाझ्मा-ठिगळांचा उगम. भोवतालापेक्षा निदान दुप्पट इलेक्ट्रॉन-घनता असलेली, शंभर ते हजार किमी. रुंदीची ही क्षेत्रे दिवसाच्या बाजूकडून ध्रुव ओलांडून रात्रीकडे सरकतात. 1980 च्या दशकात ग्रीनलंडमधील थुले येथील निरीक्षणांनी त्यांचा अभ्यास मार्गी लागला. मूळ प्लाझ्मा सूर्याच्या अतिनील प्रारणाने कमी अक्षांशांवर तयार होतो व जिभेसारखा ध्रुवाकडे ओढला जातो, यावर बरेचसे मतैक्य आहे. प्रश्न असा की जिभेचे तुकडे कशाने पडतात? लॉकवुड व कार्लसन (1992) यांच्या मते चुंबकावरणाच्या (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या प्रभावाखालील प्रदेशाच्या) सीमेवर थांबून थांबून होणारे चुंबकीय पुनर्जोडण (क्षेत्ररेषा तुटून नव्याने जोडल्या जाणे) हे कारण. सोज्का व सहकारी (1993) आंतरग्रहीय (सूर्याकडून येणाऱ्या) चुंबकीय क्षेत्राच्या दिशाबदलाला महत्त्व देतात. रॉजर यांच्या गटाने (1994) वेगवान प्रवाहात इलेक्ट्रॉन लवकर नष्ट होऊन खाचा पडतात, असे सुचवले. शिवाय काही ठिगळे वरून पडणाऱ्या कणांनी जागेवरच घडतात, असाही पक्ष आहे. पुनर्जोडणाचे स्पष्टीकरण अधिक प्रसंगांना लागू पडते असे दिसते. तथापि सर्व ठिगळांना एकच कारण असण्याची गरज नाही. हिवाळ्याच्या अंधारातही ती तासन्‌तास टिकतात, कारण त्या उंचीवर पुनःसंयोग (इलेक्ट्रॉन व आयन पुन्हा एकत्र येणे) मंद असतो. ठिगळाच्या कडांवर, विशेषतः मागच्या, अस्थैर्य निर्माण होऊन गुठळ्या होतात. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील निरीक्षणांत सर्वांत तीव्र कला-लुकलुक आढळली ती ठिगळ रात्रीच्या ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात शिरल्यावर.

अंटार्क्टिकात निरीक्षणस्थाने विरळ आहेत. नवी मुंबईतील भारतीय भूचुंबकत्व संस्था मैत्री व भारती या भारतीय स्थानकांवरून भूचुंबकीय व आयनांबरीय नोंदी घेते.